पहिल्या खिळ्यावरचा जोड

१

कळसच्या माळावर सकाळ एकाएकी होत नाही. आधी पूर्वेच्या उसावर राखाडी रंगाचा पातळ थर साचतो आणि तो उजेड की धुके, हे बराच वेळ ठरत नाही. मग तुऱ्यांची टोके तेवढी पांढरी होतात. खालचा ऊस मात्र काळोखातच उभा राहतो, जणू रात्रीने त्याला अजून सोडलेले नाही. त्यानंतर कालव्याच्या पाण्यात एक रेघ चमकते, बाभळीच्या काट्यांना कडा येतात, आणि मगच तो उजेड माळ चढून बिरोबाच्या देवळापाशी येतो. दारात जरा थांबतो. उंबऱ्यावर सांडलेला भंडारा पिवळा होतो, मग फरशी दिसू लागते, मग कोपऱ्यातल्या ढोलाची ताणलेली कातडी. आणि शेवटी, कुणी वाट पाहत नसल्यासारखा, तो उत्तरेच्या भिंतीवर चढू लागतो.

थोरला भाऊ सोनबा गेल्यापासून शंभूराज हे रोज पाहत होता. घरी रडायला येणाऱ्यांची रीघ होती, आणि त्याला चारचौघांत रडता येत नसे. बारामतीच्या एका कॉलेजात तो प्राणिशास्त्र शिकवी. तिथेही मुलांकडे पाहून बोलण्यापेक्षा फळ्याकडे तोंड करून बोलणे त्याला सोपे जाई. म्हणून सुतकाच्या या दिवसांत तो पहाटेच देवळात येऊन, देवाला न शिवता, बाहेरच्या मंडपात बसे आणि भिंत उजळेपर्यंत हलत नसे.

त्या भिंतीवर सोनबाच्या वहाणा टांगलेल्या होत्या. सोनबा गावाची होईक सांगे. यात्रेच्या दिवशी ढोलांच्या गजरात त्याच्या अंगात बिरोबा येई, आणि येत्या वर्षीचे पाऊसपाणी, पिके, रोगराई यांचे भाकीत तो मोठ्या, घुमत्या आवाजात सांगे. ते ऐकायला कळंब, शेळगावापासून माणसे येत. रिवाज असा, की होईक सांगून झाल्यावर वर्षभर पायात घातलेल्या वहाणा देवाच्या भिंतीला लावायच्या आणि अनवाणी घरी जायचे. एका यात्रेला एक जोड, एका जोडाला एक खिळा. असे अकरा खिळे झाले होते. बाराव्या यात्रेपूर्वीच, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, आतड्याच्या कर्करोगाने सोनबा गेला.

उजेड रांगेच्या शेवटाकडून सरकत होता. शेवटचा जोड नवा, रुंद, होडीसारखा. त्याच्या अलीकडचा जरा मळका. मग एकेक जुना होत गेलेला, चामडे काळवंडलेला, अंगठे तुटलेला. शंभूराजची नजर उजेडाबरोबर चालत होती, आणि पहिल्या खिळ्यापाशी येऊन ती थबकली.

खिळा रिकामा होता.

२

"वहाणा नेल्या! देवाच्या भितीवरनं वहाणा नेल्या!"

पुजारी झुंबर ओरडत गावात गेला आणि ऊन तापायच्या आत देवळापुढे माणसे जमली. गावात कुजबुज आधीपासूनच होती. सोनबासारखा माणूस, ज्याचा पंजा सुपाएवढा, ज्याच्या जबड्याकडे पाहून पोरे गप्प बसत, तो न दारू पिणारा, न तंबाखू खाणारा. तो चार महिन्यांत वाळून कसा जातो? कर्करोग म्हाताऱ्यांना होतो. याला कुणीतरी काहीतरी घातले. आणि आता मेलेल्या माणसाच्या वहाणाच नाहीशा झाल्या.

"करणीबिगर ह्ये हुयाचं न्हाय," झुंबर म्हणाला. "वहाणंत माणसाचा घाम आसतो. घाम हाय तितं माणूस हाय."

मधला भाऊ दादासो गर्दीतून पुढे आला. घराचा गोठा तोच सांभाळी. त्याचे डोळे लाल होते. "मी सांगतो कोन त्ये. ज्या हातानं चार म्हयनं पेज भरवली, त्योच हात इचारा."

सगळ्यांच्या माना वळल्या. सोनबाची बायको म्हाळसा बायकांच्या मागे उभी होती. रिकामे कपाळ, पदर हनुवटीपर्यंत ओढलेला.

दत्तोबा आबा गावातले सर्वांत वडील. त्यांनी हात वर केला तसे सगळे गप्प झाले. ताटलीत भंडारा आणि बेलाचे पान घेऊन ते म्हणाले, "म्हाळसाबाई, हितं फुडं ये. बेल-भंडार उचल आन् म्हन, मी देवाच्या वहाणास्नी हात लावला न्हाय, आन् नवऱ्याला कायबी घातलं न्हाय. येवढं म्हन आन् घरी जा. मग कुनाची जीभ वळवळली तर मी बघतो."

म्हाळसा पुढे आली. हात ताटलीवर नेला. तिची बोटे भंडाऱ्याच्या अगदी वर येऊन थांबली आणि मागे गेली.

"मला ह्ये म्हनता यायचं न्हाय, आबा."

वाऱ्याने ताटलीतली हळद थोडी उडाली. कुणीतरी बाई "अगं बया" एवढेच म्हणाली. आबांनी ताटली खाली ठेवली.

"तेराव्यापत्तोर इचार कर. भंडार उचललास तर घर तुजं. न्हाय उचललास तर लेकीला घिऊन ह्या गावातनं जायाचं. पुन्यांदा उंबऱ्याला पाय न्हाय."

शंभूराज देवळाच्या खांबाआड उभा होता. वहिनीचा हात मागे गेला, तेव्हा त्याच्या मनात जे आले ते दुःख नव्हते. ती सुटका होती. कुणीतरी सापडले होते. ही सुटका ओळखताच त्याला स्वतःची इतकी शिसारी आली, की त्याने त्याच क्षणी ठरवले: तेराव्याच्या आत खरे काय ते शोधायचे, ते कुणावर का येईना.

३

स्वयंपाकघरात चूल विझलेली होती. म्हाळसाने त्याला चहा दिला तो शेजारच्यांच्या घरून आलेला. कप पुढे करताना तिच्या बोटांना कसलासा वास आला. जड, कडवट, ओळखीचा. एरंडेलाचा. शंभूराजने तो मनाच्या एका कोपऱ्यात ठेवून दिला. सुतकात तेल कुणी डोक्यालाही लावत नाही.

"तुमीबी त्येच इचारायला आला व्हय, भावजी?"

"मी सोनबाअण्णाबद्दल विचारायला आलोय. आजार केव्हा सुरू झाला?"

म्हाळसाने दाराकडे पाहिले. दारात तिची मुलगी छकुली बसली होती. तिला तिने डोळ्यांनीच बाहेर जायला सांगितले.

"रगत पडाय लागलं त्ये गेल्या दिवाळीला. पर माज्या मतानं त्ये आधीपास्नंच बरं नव्हतं. डोस्कं दुखायचं. लोक म्हनायचं, देव येतोय. रातीला थंडीतबी अंथरून घामानं भिजायचं. लगनातली आंगठी सोनारानं कापून काढली, बोटात रुतली हुती. आन् बाजूचं काय दिसायचंच न्हाय त्यास्नी. दाराच्या चौकटीला खांदं आपटायचं. यात्रंत नाचताना शेजारच्याच्या अंगावर जायचं."

"तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?"

"कुनाला सांगू? मी म्हनलं, डाक्टरला दावू. तर तुमचं दादासो हसलं. म्हनलं, वयनी, देव अंगात मावत न्हाय म्हनून अंग वाढतंया, त्याला काय सुई टोचायची?" ती किंचित हसली आणि ते हसू चेहऱ्यावर पुरे उमटण्याआधीच गेले. "सगळ्या गावाला ग्वाड वाटत हुतं. मी येकटी कडू कशाला बोलू?"

शंभूराजने कप खाली ठेवला. पुढचा प्रश्न विचारायला त्याला जिवाचा धडा करावा लागला.

"वहिनी, मग भंडार का उचलला नाही?"

तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ पाहिले.

"खोटं बोलून उचलू व्हय?"

४

त्या एका वाक्याने त्याची झोप उडवली. खोटे बोलून. म्हणजे त्या शपथेत खोटे काहीतरी होते. काय होते?

सकाळी तो गोठ्यात गेला. दादासो म्हशीच्या पाठीमागे उभा होता आणि त्याच्या मुठीत काहीतरी होते. शंभूराजला पाहताच मूठ कासोट्यामागे गेली.

"दाखव, दादा."

"काय दावू? मास्तर झालास म्हनून झडती घ्यायला आलास व्हय रं शंभ्या?"

"इंजेक्शन आहे ना?"

दादासोने मूठ उघडली. छोटी काचेची कुपी. "पान्हा सोडत न्हाय म्हस, म्हनून टोचतो. सगळा तालुका टोचतो. मी येकटाच हाय का?" आवाज चढला आणि तसाच मधे तुटला. तो शेणाच्या पाटीवर बसला. ढांगा पसरून, डोके खाली घालून, लहान मुलासारखा. "पेपरात छापून आलं हुतं. ह्या सुयांनी दुधात हार्मोन उतरत्यात, आन् मान्सास्नी गाठी हुत्यात. मी वाचलं आन् पेपर चुलीत घातला. शंभ्या, खरं सांग. माज्या म्हशीच्या दुधानं अण्णा गेला का रं?"

तर हे होते. वहिनीकडे बोट दाखवणाऱ्या हाताचे दुसरे बोट रात्रंदिवस स्वतःच्याच छातीवर होते.

शंभूराज त्याच्या शेजारी उकिडवा बसला. म्हशीने मान वळवून दोघांकडे पाहिले.

"दादा, हे इंजेक्शन पान्हा सुटण्यापुरतं असतं. ते वाढीचं हार्मोन नव्हे. ते जनावराला वाईट, आणि तू ते सोडलंच पाहिजेस. पण एक आठव. होईक सांगायला लागल्यापासून अण्णाने कशाचा नेम धरला होता?"

दादासोने डोके वर केले. ओठ हलले. मग त्याने कपाळावर हात मारून घेतला.

"दुधाचा. कोरा च्या प्यायचा. आयला... थेंब घेत नव्हता."

"मग तुझ्या म्हशीचं दूध त्याच्या पोटात गेलंच नाही. प्यायलो आपण सगळे."

दादासो रडला. एवढा दांडगा माणूस हुंदके देत राहिला आणि मधूनच हसला. डोळे पुसून झाल्यावर मात्र त्याचा चेहरा पुन्हा दगडासारखा झाला.

"म्हंजी मग मी न्हाय. दूध न्हाय. मग उरलं कोन, शंभ्या? तूच सांग, उरलं कोन?"

५

"विषाची गोष्ट डोक्यातून काढून टाका," डॉ. जगदाळे म्हणाले. बारामतीत त्यांनीच सोनबाचे ऑपरेशन केले होते. दुपारच्या वेळी बाहेरच्या बाकांवरचे पेशंट पेंगत होते आणि खिडकीतून एस.टी. स्टँडवरच्या घोषणा ऐकू येत होत्या. "ती गाठ चार महिन्यांची नव्हती. काही वर्षं वाढत होती. आम्ही पोट उघडलं तेव्हा यकृतापर्यंत पोचलेली होती. कुणी जेवणातून काही घालून अशी गाठ होत नाही. हे मी गावात येऊन सांगायला तयार आहे."

शंभूराजने मान हलवली. एक ओझे उतरले, पण दुसरे तसेच राहिले. "पण त्यालाच का, डॉक्टर? त्या वयात? आमच्या घरात कुणालाच हा आजार नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मलाही तेव्हा प्रश्न पडला होता. आतड्यात ती एकच गाठ नव्हती. आतून मशांसारखे कोंब होते, बरेच. त्यातलाच एखादा पुढे बिघडतो. आणि आतडंच नेहमीपेक्षा लांब होतं, जाडही. एवढं मोठं आतडं मी क्वचित पाहिलंय. भूल देणारे डॉक्टर तर त्या दिवशी घामाघूम झाले. जीभ इतकी मोठी की नळी आत जाईना. मी म्हटलं, पैलवान गडी दिसतोय, सगळंच ऐसपैस."

"पैलवान नव्हता तो," शंभूराज म्हणाला. "तरुणपणी अगदी किरकोळ होता. माझ्यासारखाच."

डॉक्टरांचा हात चष्म्यावरच राहिला.

"किरकोळ?" ते सावकाश म्हणाले. "मग मास्तर, हा माणूस मोठा झाला केव्हा?"

६

संध्याकाळच्या एस.टी.ने तो कळसला उतरला आणि घरी न जाता तसाच माळ चढला. झुंबर दिवाबत्ती करत होता. "आता काय मोजायला आला, मास्तर?" तो कुत्सितपणे म्हणाला, पण शंभूराज खरोखरच भिंतीशी जाऊन वहाणा मोजू लागला, तशी त्याची जीभ थांबली.

दुसऱ्या खिळ्यावरच्या जोडावर त्याने वीत ठेवली. तिसऱ्यावर ठेवली. चौथ्यावर वितीपुढे एक बोट जास्त लागले. पाचव्यावर बोट आणि पेर. पुढे रुंदीही वाढत गेली. अंगठ्याची पट्टी दोनदा, तीनदा उसवून नवी लावलेली. शेवटचा जोड आणि दुसरा जोड त्याने एकमेकांवर ठेवून पाहिले. जणू बापाच्या वहाणेत लेकराची वहाण.

मोठ्या माणसाचे पाऊल वाढत नाही. हे त्याला ठाऊक होते, झुंबरला ठाऊक होते, सगळ्या गावाला ठाऊक होते. तरीही वर्षामागून वर्षे ही रांग सर्वांच्या डोळ्यांसमोर टांगलेली होती, आणि तिच्यापुढे माणसे हात जोडत होती.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. पीयूषिका तिचे नाव. वाढीचे संप्रेरक तिच्यातून पाझरते; मूल मोठे होते ते त्याच्या बळावर, आणि वय झाले की तो पाझर मंदावतो. पण त्या ग्रंथीतच एखादी लहानशी गाठ झाली, तर पाझर थांबत नाही. हाडे लांब व्हायची थांबलेली असतात. म्हणून मग हात, पाय, जबडा रुंदावतात. जीभ वाढते, आवाज जाडावतो, घाम सुटतो. गाठ नजरेच्या नसांवर दाबली, की बाजूचे दिसेनासे होते. आणि आत, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे यकृताला त्या संप्रेरकाची चालना मिळत राहते. यकृतातून वाढीचा आणखी एक घटक रक्तात उतरतो, आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना तो सांगत राहतो: वाढा, अजून वाढा, मरू नका. त्या वाढतात. कोंब धरतात. एखादा कोंब एके दिवशी कुणाचेच ऐकेनासा होतो.

शंभूराज देवळाच्या पायरीवर बसला. ही ग्रंथी तो दर वर्षी फळ्यावर काढत असे, रंगीत खडूने.

आता एकच कोडे उरले होते: पहिला जोड. करणी करणाऱ्याला घाम हवा असतो. मग त्याने घामाने अजून ओला असल्यासारखा शेवटचा जोड सोडून सुकून तडकलेला, सर्वांत जुना, सर्वांत लहान जोड का न्यावा? ज्याने तो नेला, त्याला होईक सांगणारा सोनबा नको होता. त्याला देव यायच्या आधीचा माणूस हवा होता. तो माणूस कुणाचा होता? आणि तडकलेले चामडे मऊ करायला माणूस काय चोळतो?

एरंडेल.

७

तेराव्याला देवळापुढे सारे गाव होते. ठरल्याप्रमाणे डॉ. जगदाळे बारामतीहून आले होते. आदल्या दिवशी त्यांनी शंभूराजचे सगळे ऐकून घेतले होते, जाड पुस्तक उघडून बराच वेळ वाचले होते आणि म्हणाले होते, "शरीर राहिलं नाही, त्यामुळे शिक्का मारून सांगता येणार नाही. पण अशा रुग्णांना आतड्यात कोंब आणि कर्करोग जास्त होतात, असं अलीकडे दिसून येतंय. आणि तुमच्या भावाचं एकूण एक लक्षण जुळतंय."

शंभूराज उभा राहिला. समोर दोनशे डोळे. मग तो वळला आणि भिंतीवरच्या वहाणांकडे तोंड करून बोलू लागला, आणि त्याला आवाज सापडला.

त्याने एकेक जोड खाली काढून ओळीने मांडला. कुणाला काही समजावण्याआधीच मागून एक म्हातारी म्हणाली, "अगं आई गं, ह्यो तर वाढतच ग्येलाय." मग त्याने डोकेदुखी सांगितली, अंगठी सांगितली, जीभ सांगितली, आतडे सांगितले. मेंदूखालच्या त्या वाटाण्याएवढ्या जागेविषयी सांगितले. डॉक्टर मधूनमधून "बरोबर आहे" एवढेच म्हणत होते.

दत्तोबा आबांनी काठी टेकवली. "म्हंजी मास्तर, आमचा देव खोटा? अकरा वर्सं आमी काय आजाराच्या पाया पडलो?"

"देवाचं मला माहीत नाही, आबा. मला पायाचं माहीत आहे."

ओळीने मांडलेल्या वहाणांकडे आबा पाहत होते, आणि त्यांची मान अगदी बारीक हलत होती.

"आता एक विनंती," शंभूराज म्हणाला. "तुम्ही वहिनीला दोन गोष्टींची एकच शपथ घातलीत. ती दोन करा. आधी दुसरी घ्या."

ताटली पुढे आली. म्हाळसाने या वेळी हात मागे घेतला नाही. मूठभर भंडारा उचलून ती स्पष्ट म्हणाली, "मी माज्या नवऱ्याला कायबी घातलेलं न्हाय. घातलं आसंल तर बिरोबानं माजी लेक न्यावी." आणि भंडारा कपाळाला लावला. विधवेच्या त्या कपाळावर तो पिवळा डाग पाहून बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

"आन् पयली?" झुंबरने विचारले.

"पयली उचलायची न्हाय. वहाणा मीच नेल्या."

एकच गलका उठला. दादासो ताडकन उभा राहिला. शंभूराजने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवले. म्हाळसाने कमरेचे गाठोडे सोडले. आत तो जोड होता. लहान, अरुंद, एरंडेलाने काळाभोर, मऊ झालेला.

"ह्यो माजा नवरा," ती म्हणाली. "बाकीचं समदं तुमचं. तुमी त्याच्या पाया पडलासा, नवस केलं, मी कवा आड आले न्हाय. पर माजं लगीन लागलं त्यो ह्येवढ्या पायाचा मानूस हुता. हळू बोलायचा. जात्यावर मी वव्या म्हनायला लागले की भाईर बसून बारीक आवाजात मागनं म्हनायचा, आन् कुनी आलं की लाजून गप व्हायचा. त्यो मानूस कवा ग्येला त्ये मला कळलंबी न्हाय. त्याला तुमी कुनी रडला न्हाय. म्हनून त्याच्या वहाणा मी घरी नेल्या. द्येवाची चोरी झाली आसंल तर हात तोडा माजा."

दत्तोबा आबा काठीवर भार देत उठले, ते गाठोडे त्यांनी स्वतः बांधले आणि तिच्या हातात दिले.

"घरी जा, पोरी," ते म्हणाले. "पयला खिळा तसाच ऱ्हाऊ दे, झुंबर."

दादासो वहिनीच्या वाटेत येऊन उभा राहिला. त्याला काहीतरी म्हणायचे होते. ते जमेना, तेव्हा त्याने वाकून तिच्या पायांना हात लावला. "आता उठा," म्हाळसा म्हणाली, "नुसतं वाकून भागायचं न्हाय. त्या सुया आधी उकिरड्यावर टाका." गर्दीत कुणीतरी हसले, आणि तेरा दिवसांनंतर प्रथमच ते कुणाला वावगे वाटले नाही.

८

माळ उतरताना छकुली पुढे पळत गेली. म्हाळसा आणि शंभूराज मागून चालत होते. ऊन कलले होते. तोडलेल्या उसाच्या पाचटावर बगळे उतरत होते.

"भावजी, तुमी लई उपकार केलं."

वाटेत आडवे आलेले पाचट त्याने पायाने बाजूला सारले.

"येक इचारू? आता माज्याबिगर त्यो बारीक आवाज ऐकल्यालं तुमीच तर हायसा. दादासोला कशाचं भान ऱ्हातंय. शेळ्या राखताना कालव्याच्या पल्याडनं तुमाला हाळी मारायचं, आठवतंय नव्हं?"

"हो, आठवतं," तो म्हणाला.

ती समाधानाने मान हलवून पुढे गेली. कालव्याच्या पुलावर येताच शंभूराज थांबला. त्याने डोळे मिटले आणि ती हाळी ऐकायचा प्रयत्न केला. पलीकडचा काठ दिसला, शेळ्या दिसल्या, उंच धरलेला हात दिसला. हात मोठा होता. हाक आली ती घुमत, जाड, छातीतून आलेली. त्याने पुन्हा प्रयत्न केला. तो सहा वर्षांचा, सोनबाच्या खांद्यावर, वडील वारल्याच्या पावसाळ्यात. आणि पायांना धरणारे पंजे सुपाएवढे. ते खरे असणे शक्य नव्हते. नंतरच्या सोनबाने मागे जाऊन आधीच्या सोनबाची प्रत्येक जागा घेतली होती, आणि ती कुणी बळजबरीने घेतली नव्हती. ती शंभूराजनेच त्याला दिली होती.

पहिल्या यात्रेला लोक हसले होते, हे त्याला लख्ख आठवत होते. असल्या बारीक आवाजाच्या माणसात देव येतो होय, म्हणून हसले होते. सतरा वर्षांचा शंभूराज गर्दीत मान खाली घालून उभा होता. मग पुढच्या वर्षी आवाज खर्जात उतरला, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी उतरला, आणि एका यात्रेला तो असा घुमला की कळंबची माणसे मातीत लोटांगण घालू लागली. तेव्हा शंभूराजने मान वर केली होती. दर वर्षी तो त्या आवाजाची वाट पाहत असे. दर वर्षी तो अधिक जाड झालेला ऐकून त्याच्या अंगावर काटा येई. फळ्यावर ती ग्रंथी काढताना, वाढत्या हातांच्या माणसाचे चित्र पुस्तकात दाखवताना, त्याला कधी घरची आठवण झाली नव्हती असे तो आठ दिवस स्वतःला सांगत आला होता. ते खरे नव्हते. आठवण होई, आणि तो पान उलटून टाकी.

पुलाखालून पाणी जात होते. पलीकडे म्हाळसा लेकीचा हात धरून उभी राहिली होती, त्याची वाट पाहत.

त्याला सोनबाचा आजारच आवडला होता.